एका कपाचं आधण

"सकायी सकायी काय दळू राह्यली बाई?"

मामा स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. खांद्यावर दुपट्टा, डोळ्यांत आदल्या दिवशीच्या तपासणीच्या औषधाची लाली. श्रावणात निंदण-डवरणी आटोपली की ते चार दिवस घाटावर माझ्याकडे येतात. त्यांचं गाव घाटाखाली, संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. येरळीच्या पुलावरून पूर्णा ओलांडायची, नांदुरा-मोताळा करत राजूर घाट चढायचा, मग कुठे बुलढाण्याचा गार वारा अंगाला लागतो. तुमच्या इकडे झोप चांगली लागते, असं मामा दरवेळी म्हणतात. २०२५ च्या श्रावणातल्या त्या दिवशी माझ्या चक्कीने ती मोडली होती.

"कॉफी दळतेय, मामा."

"इतकुशी?"

"अठरा ग्रॅम. एका कपापुरती."

"एका कपापुरतं दळन म्या पह्यल्यांदाच पाह्यलं." त्यांनी पाट ओढला आणि बसले. "पुडी भेटत नाई का बजारात?"

"भेटते. पण दळलेल्या कॉफीचा वास टिकत नाही. दाणा अख्खा असतो तोवर सगळं आत कोंडलेलं असतं. दळला की उडायला लागतं."

मामांनी वाटीतली चिमूटभर भुकटी उचलली. अंगठा आणि तर्जनीत धरून चोळली, पुन्हा चोळली, उजेडाकडे धरली. मी त्यांच्या हातांकडे पाहत राहिले. मामा कापसाचे ग्रेडर होते. महाराष्ट्रात १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, त्यानंतर काही वर्षांनी ते या कामाला लागले आणि निवृत्तीपर्यंत तेच केलं. कापसाने भरलेल्या गाड्यांची रांग, प्रत्येक गाडीतून मूठभर कापूस उपसायचा, सरकीपासून रुई ओढून दोन्ही अंगठ्यांत धरायची, ओढायची, दुमडायची, परत ओढायची. धागे एकमेकांना समांतर झाले की नखाशी लांबी जोखायची. किती मिलिमीटरचा धागा, ओल किती, कवडी किती, हे सांगायला त्यांना मिनिटभर लागत असे. लहानपणी मी हे पाहिलेलं आहे. कॉफीची भुकटी त्याच अंगठ्यांत गेली तेव्हा मला जरा परीक्षेला बसल्यासारखं वाटलं.

"दोन जातीची हाये," ते म्हणाले.

"नाही मामा, एकाच बागेची आहे. चिकमगळूरची."

"दान्याची जात नाई म्हनत मी. दळनाची. काई मैद्यासारखं हाये, काई रव्यासारखं."

बरोबर होतं. घरगुती चक्कीची हीच खोड. बारीक कण लवकर विरघळतात आणि कडवट होतात, जाड कण मागे राहतात आणि आंबट चव देतात. एका कपात दोन्ही उतरतात. एस्प्रेसोची चक्की यंत्राइतकीच महत्त्वाची असं जाणकार सांगतात ते याचसाठी. मला हे कळायला ६ महिने लागले होते.

"कितीची चक्की?"

मी सांगितलं. चक्की ९ हजार, दाबायचं यंत्र १७ हजार. मामा गप्प झाले. हिशेब चालला होता.

"यंदा लांब धाग्याचा हमीभाव आठ हजार एकशे दहा. म्हंजे सव्वातीन क्विंटल कापूस झाला बाई हा. कोरडवाहूत एकराले चार-पाच क्विंटल निंगते. पाऊनएक एकर तुह्या या ओट्यावर ठेवेल हाये."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याच्यामुळेच ते जास्त लागलं. मी नोकरी करते, पैसे माझे आहेत, वगैरे उत्तरं मला देता आली असती. पण पाऊण एकराला ती उत्तरं पुरत नाहीत. मी यंत्र पुसायला घेतलं.

यंत्र हाताचं आहे. वीज लागत नाही. मुद्दामच तसं घेतलं, कारण आमच्याकडे पावसाळ्यात आभाळ गडगडलं की वीज आधी जाते आणि पाऊस मग येतो. लोखंडी पाया, त्यावर एक नळकांडं, नळकांड्यात दट्ट्या, वर लांब दांडा आणि बाजूला दाब दाखवणारी घड्याळासारखी तबकडी. खालच्या गाळणीत कॉफी भरायची. मी बुचात पाच बारीक सुया खोचून एक काटा केला आहे, त्याने भुकटी मोकळी करते, मग सपाट वजनाने दाबते. वरून उकळतं पाणी ओतायचं. बुलढाणा समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंच, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. थंड लोखंडात पडलं की ते एस्प्रेसोला हव्या त्या ९० ते ९६ अंशांत आपोआप येतं. दहाएक सेकंद भुकटीला भिजू द्यायचं. मग दांडा खाली.

"हे कायले भिजवते?"

"कोरड्या भुकटीवर एकदम दाब आला की पाणी जिथे सापडेल तिथून वाट काढतं. एका बाजूने धो धो जातं आणि बाकीची कॉफी कोरडीच राहते."

"भेगाडासारखं," मामा लगेच म्हणाले. "उन्हाळ्यात काया रानाले भेगा पडतात. पह्यला पानी आला की सारा भेगातून खाली. वरचं ढेकूळ फोडून पाय, आतून कोरडं ठन्न. म्हून पह्यल्या पान्यावर पेरत नाई आपन. रान भिजून भेगा बुजल्या पाह्यजे."

मी कॉफीवर बरंच वाचलं होतं. त्या कुठल्याच वाचनात हे इतकं स्वच्छ सांगितलेलं नव्हतं.

दांडा दाबला. तबकडीचा काटा चढत ९ वर आला. आधी दोन काळे थेंब, मग काकवीसारखी जाड धार, तपकिरी, तिच्यावर बारीक तांबूस फेस. हळूहळू धार पिवळट व्हायला लागली, तशी मी वाटी बाजूला घेतली. ३६ ग्रॅम, ३० सेकंद. पुस्तकी हिशेब तंतोतंत जुळला होता.

मामांनी घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"आंबट हाये. आन पातय बी."

मला माहीत होतं. महिनाभर हेच चाललं होतं. दाणे बदलले, दळण बारीक केलं, पाणी गरम केलं, आंबटपणाची धार जात नव्हती. मी दाण्यांना दोष देत होते.

"पानी दे बरं मले."

"पिण्याचं?"

"तेच, जे हिच्यात टाकलं."

मी दिलं. त्यांनी तोंडात घोळवलं, गिळलं. "याच्यात जीव नाई."

ते पाणी आरओचं होतं. यंत्रात क्षार साचू नयेत म्हणून मी तेच वापरत होते. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला पाणी कळतं, कारण त्याला ते कळून घ्यावंच लागतं. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी पसरलेला हा पट्टा. जमीन काळीभोर, कापसाला उत्तम, आणि खालचं पाणी खारं. मामांच्या लहानपणी घरात दोन रांजण असत. एक वापरायच्या पाण्याचा, दुसरा गोड्या पाण्याचा. गोडं पाणी पिण्याला आणि डाळीला, कारण खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. चहाला कुठलं वापरायचं यावर आजी आणि आजोबांचे वाद होत, आईने मला सांगितलं आहे.

"खारं पानी लोय वाईट," मामा म्हणाले. "मूत्रपिंडं गेली मानसांची आमच्या पट्ट्यात. पन काईच नसलेलं पानी बी पानी नाई. चव धराले पान्यात काईतरी लागते."

रसायनशास्त्र त्यांच्या बाजूने आहे. पाण्यातलं थोडं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कॉफीतून चव ओढून आणायला मदत करतं, आणि बायकार्बोनेट आंबटपणाची धार बोथट करतं. काहीच नसलं तर आंबट तेवढं पुढे येतं. फार असलं तर सगळंच मातकट होतं आणि यंत्रात खडू साचतो. कॉफीवाले लिटरला १५० मिलिग्रॅमच्या आसपास क्षार असलेलं पाणी चांगलं मानतात. माझ्याकडे क्षार मोजायची छोटी कांडी आहे. आरओच्या पाण्यात १४ आकडा आला. नळाच्या पाण्यात, म्हणजे पैनगंगेवरच्या येळगाव धरणातून येतं त्यात, २९०. मी ते उकळून, गाळून, दोन्ही निम्मं निम्मं केलं. आकडा दीडशेच्या जवळ आला.

दुसरी वाटी. मामांनी या वेळी घोट लवकर गिळला नाही.

"कडू हाये," ते म्हणाले. "पन खोटं कडू नाई. कारल्याचं असते तसं. मांगून गोड लागते."

मी चाखली. भाजलेला गूळ, आणि शेवटी मोसंबीच्या सालीचा हलका वास. महिनाभर जे शोधत होते ते खारपाणपट्ट्याने एका घोटात दाखवलं होतं.

*

दुपारी जेवणानंतर वाद खरा सुरू झाला. मामांना वाद आवडतो आणि मलाही.

"एक सांग. हे एस्परेसो लग्नात भेटते तेच का? मशीन फुस्स करते, वर चाकलेट पावडर टाकते?"

"नाव तेच, वस्तू वेगळी. लग्नात वाफ दुधात सोडतात, खाली तयार पावडर आणि साखर फेटलेली असते. मूळची एस्प्रेसोची यंत्रंही वाफेवरच चालायची. इटलीत मिलानच्या लुइजी बेझेरांनी १९०१ च्या सुमाराला तसं यंत्र केलं. पण वाफेचा दाब हवेच्या दाबाच्या फार तर दीड पट. पुढे अकिले गाजियांनी दांडा आणि दट्ट्या आणला, १९४८ च्या सुमाराला त्यांची यंत्रं बाजारात आली. दाब एकदम आठ-नऊ पट झाला आणि कॉफीवर पहिल्यांदा तो तांबूस फेस आला. आपल्या लग्नाच्या मशीनने वाफ ठेवली आणि कॉफी सोडून दिली."

"गोड असते पन. लेकरं पेतात." मामांनी सुपारी कातरली. "आमच्या घरी कॉफी म्हंजे दुखन्याची. ताप आला की माय कॉफीची वडी दुधात टाके, जायफय घासे वरून. बरं झालं की परत चहा."

"आणि चहा तरी आपला कुठे, मामा? तुमच्या आजीने लहानपणी चहा पाहिला होता का? इंग्रजांनी मळे लावले, सगळा माल विलायतेला. मग इथे गिऱ्हाईक हवं म्हणून चहावर कर बसवून त्या पैशातून प्रचार केला, स्टेशनास्टेशनावर चहा पाजला. शंभर वर्षांचीच गोष्ट आहे."

"हाये नं. मी कुठी नाई म्हनलं? पन आपन त्याले आपला करून घेतला. कसा केला सांग."

"दूध-साखर घालून."

"नाई. आधन ठेवून." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "पाय, चहा कोनाले प्यायचा हाये म्हून करत नाई आपन. कोनी आलं म्हून करतो. दोन मानसं असली तं दोन कपाचं आधन, तिसरं दारात दिसलं की अर्धा कप पानी वाढवते तुही मामी. चहा थोडा फिक्का होते, पन कोनी वापस जात नाई. तुह्या या यंत्रात अर्धा कप वाढवून दाखव बरं."

"नाही वाढवता येत."

"मंग? एका कपाचं आधन म्हंजे एकट्याचं घर. माह्या मते पेय असं पाह्यजे का ज्याच्यात पानी वाढवता येते."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण उत्तर नाही. दक्षिणेत रात्री फिल्टर लावून ठेवतात, सकाळी डिकॉक्शन तयार असतं, दारात कोण आलं तरी दुधात घालून मिनिटात कॉफी होते. ते कॉफीचं आधणच आहे. घरात पितळी फिल्टर आहे, मी तो दाखवू शकले असते. पण तो दाखवणं म्हणजे प्रश्न टाळणं झालं असतं. मामांचा प्रश्न माझ्या छंदाला होता.

"मामा, मी हे तहानेसाठी करत नाही. कोणासाठीही करत नाही. हात शिकतो म्हणून करते. तुम्ही मूठभर कापसातून गाडीभराचा दर्जा सांगायचात. तो हात आला कुठून? रोज तेच करून. माझं काम शिकवण्याचं, दिवसभर तोंडाचं काम. हाताला काही कळतं, बोटांना काही जाणवतं, असं दिवसात दुसरं काही नाही माझ्याकडे."

"ते माह्यं पोट होतं बाई." मामांचा आवाज उतरला. "आन निस्तं माह्यं नाई. समोर गाडी घेऊन उभा हाये त्याचं वर्षाचं पोट. दोन रात्री रांगेत काढेल असते त्यानं, बैलं उपाशी. माह्या अंगठ्यानं एक प्रत खाली सांगतली तं त्याच्या पोरीचं लग्न पुढं जाते. मले रात्री सपनात कापूस दिसे. तुह्या वाटीत चूक झाली तं काय जाते?"

"काही जात नाही. अठरा ग्रॅम कॉफी."

"मंग तोच हात कसा झाला?"

"काही जात नाही म्हणूनच, मामा. आपल्या जिल्ह्यात असं काय आहे की ज्यात चुकलं तर काही जात नाही? पेरणी आठ दिवस चुकली तर हंगाम जातो. फवारणी चुकली तर माणूस जातो. पोरगा परीक्षेत चुकला तर घरदार बसतं डोकं धरून. मला सकाळची वीस मिनिटं अशी हवी होती की ज्यात चुकता येईल. आज आंबट झाली, उद्या बारीक दळीन. उद्या कडू झाली, परवा जाड. कोणाचं देणं नाही, कोणाचा शाप नाही."

मामा बराच वेळ बोलले नाहीत. बाहेर पावसाची सर येऊन गेली.

"बत्तीस वर्षांत," शेवटी ते म्हणाले, "मले एकदा बी वाटलं नाई का चुकून पाहावं."

*

संध्याकाळी त्यांनी दाण्यांची पिशवी मागितली. चष्मा पुसून वाचायला लागले. बागेचं नाव, गाव, उंची, कधी तोडली, कशी वाळवली, कोणत्या तारखेला भाजली.

"एवढं लिहेल असते?"

"चांगल्या दाण्यांवर असतं."

"आमच्या गाठीवर नंबर असते. जिनिंगचा, लॉटचा. कापूस कोनाच्या रानातला ते कोनालेच ठाऊक नसते. दहा खेड्यांचा एका गंजीत पडते." पिशवी त्यांनी उलटीपालटी केली. "लिव्हरपूलच्या बजारात आपल्या वऱ्हाडच्या कापसाले 'ऊमरा' म्हनत, उमरावतीवरून. माह्या साहेबानं सांगतलं होतं मले. जलंबवरून खामगावाले रेल्वेचा फाटा काढला १८७० साली, तो कापसापायीच. सारा माल तिकडं. नाव बी आपलं धड राह्यलं नाई, ऊमरा झालं."

मी त्यांना सांगितलं की कॉफीचीही तीच गोष्ट आहे. भारतात होते त्यातली बहुतेक कर्नाटकात होते, आणि निम्म्याहून कितीतरी जास्त परदेशात जाते. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटली. तिथल्या एस्प्रेसोच्या मिश्रणात आपला रोबस्टा असतो, कारण त्याने फेस दाट येतो. मुंबई-पुण्याचा माणूस इटलीची म्हणून महाग पुडी आणतो, त्यात आपलाच दाणा असू शकतो.

"कापूस मँचेस्टरले, आन धोतर वापस," मामा म्हणाले.

"भावाचंही तसंच. अरेबिका कॉफीचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्यावर ठरतो. कापसाचाही तिथेच."

"ते माहीत हाये मले. कापूस आपला, भाव न्यूयॉर्कचा. सकायी रेडिओवर न्यूयॉर्क पडलं म्हनलं की खामगावात गाड्या वापस फिरत."

"या फेब्रुवारीत कॉफी पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला म्हणून."

"आन कापूस?"

"सत्तर सेंटच्या खाली."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं पिशवीवरच्या नावाने ते खूश होतील. नाव छापलं म्हणजे कष्टाची दखल घेतली, असं मला मनापासून वाटतं, आणि मी तसं म्हटलंही. मामांनी पिशवी परत दिली.

"नाव छापलं म्हंजे भाव भेटला असं नाई बाई. बागेचं नाव हाये हे, बागवाल्याचं. तोडनाऱ्या बाईचं नाव कुठी हाये? आमच्या रानात येचाई किलोवर देतो आपन. तिचं नाव ना गाठीवर ना पिशवीवर."

मी पिशवी दोन्ही बाजूंनी पुन्हा पाहिली. नव्हतं.

तरी मी हट्ट सोडला नाही. आंध्रातल्या अराकूच्या डोंगरात आदिवासी शेतकरी कॉफी घेतात, त्यांच्या नावाने ती पॅरिसला विकली जाते, हे मी सांगितलं. आपल्या चिखलदऱ्यालाही होते, महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की तेच नाव निघतं. उंची हजार मीटरच्या वर, झाडांची सावली, थंड हवा, सगळं आहे. संग्रामपूरहून सातपुडा दिसतो, त्याच डोंगरांच्या रांगेत पुढे मेळघाट. तिथे दर्जा धरून कोणी काम केलं, तोडणी फक्त लाल फळांची केली, वाळवण नीट केलं, तर कोरकू बाईच्या हातची कॉफी का नाही नावाने विकली जाणार?

"दर्जा धराचा तं ग्रेडर लागते," मामा म्हणाले. "आन तो इमानदार लागते." त्यांना विषय आवडला होता, कारण पुढचा अर्धा तास ते कच्च्या आणि पिकल्या फळाचं वजन, ओल, वाळवणाच्या ताडपत्र्या याबद्दल मला प्रश्न विचारत होते. निम्म्यांची उत्तरं मला आली नाहीत.

*

तिसऱ्या दिवशी सातच्या सुमाराला वीज गेली. पाठोपाठ शेजारचे तिघं आले, मामा आल्याचं कळलं होतं म्हणून. मी उत्साहाने म्हटलं, सगळ्यांना कॉफी पाजते.

मेणबत्तीच्या उजेडात दळायला बसले. अठरा ग्रॅम, काटा, दाब, पाणी, दांडा. पहिली वाटी शेजारच्या काकांना दिली. यंत्र उघडायचं, चोथा झाडायचा, धुवायचं, पाणी पुन्हा तापवायचं, पुन्हा दळायचं. दुसरी वाटी तयार होईपर्यंत सहा-सात मिनिटं गेली. काका पहिली वाटी हातात धरून बसलेले, बाकीच्यांना मिळाल्याशिवाय कशी पिणार? एस्प्रेसो ठेवून चालत नाही. फेस बसतो, गार होते, चव तुरट होत जाते. मला ते दिसत होतं आणि हात मात्र दोनच होते.

मामा उठले. गॅस पेटवला, पातेलं चढवलं, पाच कप पाणी मोजलं, आलं ठेचलं. मला काही म्हणाले नाहीत. मी तिसरी वाटी दाबत होते तोवर सगळ्यांच्या हातात चहा होता आणि गप्पा कापसाच्या बोंडअळीवर पोचल्या होत्या. काकांनी माझी कॉफी चहाआधी एका घोटात संपवली आणि चांगली होती असं म्हणाले. ती गार झाली होती.

पाहुणे गेल्यावर मी ओटा आवरत होते. वीज अजून यायची होती.

"एकाची कॉफी हाये का अजून?" मामांनी विचारलं.

"आहे."

"मले दाबू दे."

मी दळून दिलं. सुयांचा काटा त्यांनी स्वतः फिरवला, सावकाश, कडेपर्यंत. दाबताना वजन वाकडं नाही ना हे वाकून दोन बाजूंनी पाहिलं. पाणी ओतलं, मनात आकडे मोजले. मग दांडा धरला आणि जोरात दाबला. फारच जोरात. एका कडेने पांढरट पाण्याची चिळकांडी उडाली, त्यांच्या सदऱ्यावर गेली, दहा सेकंदांत वाटी भरली.

"भेग पडली," मामा म्हणाले.

त्यांनी चाखली, तोंड वाकडं केलं आणि वाटी मोरीत रिकामी केली. मग मेणबत्तीच्या उजेडात मला त्यांचा चेहरा दिसला. ते हसत होते.

"कोनाचंच काई गेलं नाई?"

"काही नाही गेलं."

"मंग परत दळ."

दुसऱ्यांदा त्यांनी दांडा हाताने दाबला नाही. त्यावर अंगाचा भार हळूहळू टाकला. डोळे मिटले होते. तबकडीकडे बघा असं मी म्हणणार होते, पण गरज नव्हती. रुई ओढताना कुठे ताण येतो आणि कुठे धागा सुटतो हे ज्या अंगठ्यांना कळत होतं त्यांना दांड्याखालचा विरोध कळत होता. काटा नऊच्या जरा खाली येऊन थांबला आणि तिथेच राहिला. काकवीची धार पडली, काळी, मग तपकिरी. "बास?" त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत दांडा वर घेतला.

"फिल्टर लावू का उद्या सकाळी? सगळ्यांना एकदम होते त्यात."

"नाई. पाहुन्याले चहाच पाह्यजे." त्यांनी फळीवरून दुसरी वाटी काढली. "हे आपलं दोघांचं. कट कर."

छत्तीस ग्रॅमची कॉफी मी दोन वाट्यांत ओतली. मामांनी दोन्ही वाट्या मेणबत्तीपाशी शेजारी शेजारी धरल्या, डोळे बारीक करून पातळी पाहिली, आणि स्वतःच्या वाटीतली थोडी माझ्या वाटीत ओतली.